उस्तादांचा फोन

आमच्या ह्यांना पेन्शनीत जाऊन वर्ष झालं, पण ऐट अजून नोकरीतच आहे. लष्करात लोखंडी पूल जोडायला शिकवायचे; तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. अजूनही तिकडून फोन आला, की आधी शर्टाची बटणं लावतात आणि मग उचलतात.

जुन्या पुलाची मधली खीळ बसत नाही, म्हणून ह्यांच्या जागी आलेला उस्ताद विचारतो. हे म्हणतात, "तेल लाव." बस्स, एवढंच. तरी बसली नाही की पुन्हा फोन. मग म्हणतात, "आता खालून ठोक." एकदाच सगळं सांगितलं तर काय जीभ झिजते? तोवर शिकणारी पोरं भर नदीत ताटकळतात.

आज फोन आला, ठोकताना सांधा खाली बसला आणि एका पोराची बोटं चेंगरली. आधी पलीकडचं टोक जॅकने उचलून धरायचं असतं. ते ह्यांनी पुढच्या फोनसाठी राखून ठेवलं होतं!

फोन ठेवून मान खाली घालून बसले. म्हणाले, "सगळं सांगून टाकलं, तर परत मला कोण विचारणार?"

"पोरांची बोटं चेंगरून मिळणारा मान चुलीत घाला," मी म्हटलं. "लावा फोन, आणि पोटात असेल तेवढं सगळं आत्ता माझ्यासमोर ओका. उद्यापासून कुणी नाही विचारलं, तर मी आहे ना! रोज विचारीन, मोरीतला नळ वर्षभर गळतोय, तो कधी दुरुस्त करताय?"