गोलाच्या काठावरचं बोट

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या. एका करंगळीची कथा सांगते. लहानशीच आहे, करंगळीएवढी. पण आधीच सांगून ठेवते, तिच्यात राग फार आहे.

तर ताई भिंतीसमोर उभी होती आणि तिसऱ्यांदा फोटो मोजत होती. सत्तावीस.

पहिल्या मजल्यावरचा तो हॉल त्या सकाळी ओळखू येत नव्हता. छताला पुठ्ठ्याचे ढग टांगलेले, खुर्च्यांच्या पाठीला पिवळे-पांढरे फुगे. भावजयीला आठवा महिना सरत आला होता आणि येणाऱ्या बाळासाठी हा सगळा थाट होता. सजावटवालीने एक खेळ काढला होता. बाळाच्या गणगोताचे लहानपणीचे फोटो रिबिनीला इवल्या लाकडी चिमट्यांनी अडकवायचे, आणि पाहुण्यांनी चिठ्ठीवर लिहायचं, कोणतं बाळ कोण. फोटोंच्या प्रती तिने बशी ठेवून एकसारख्या गोल कापल्या होत्या.

त्या गोलांत काका होते, मामा होते, भावजयीच्या मैत्रिणीची जुळी होती, एकेका गोलात एकेक. भावजयीच्या माहेरचं कुत्रंसुद्धा पिल्लू असतानाचं, जीभ बाहेर काढून ऐटीत बसलं होतं. ताई कुठेच नव्हती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई देवाघरी गेली तेव्हा ताई बारा वर्षांची होती आणि भाऊ चार महिन्यांचा. तिची शाळा सुटली ती सुटलीच. वाटी-चमच्याने त्याला दूध पाजण्यापासून सगळं तिने केलं. पुढे लोकांचे पडदे शिवून त्याला शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. लहानपणी तो झोपायचा तो तिची करंगळी मुठीत धरून. ती करंगळी जन्मापासूनच आत वळलेली, आकड्यासारखी. देवाने धरायला सोयीची दिली, असं ती हसून म्हणायची. आणि आज त्याच्याच बाळाच्या भिंतीवर कुत्र्याला जागा होती, तिला नव्हती.

हे काम भावजयीचंच. फोटो गोळा करून दिले होते तिनेच.

ताईच्या हातातल्या पिशवीत दुपटं होतं. मऊ कापड शोधून शोधून, तीन महिने खपून शिवलेलं. तिने मनाशी ठरवलं, दोन शब्द सुनवायचे, पिशवी उचलायची आणि जिना उतरायचा. पुन्हा भावाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. बाळाला आत्या नाहीच, असं समजा म्हणावं.

ती तरातरा भावजयीच्या खुर्चीपुढे गेली. "अगं, कुत्र्याला चिमटा मिळाला," ती म्हणाली, "माझ्यापुरता एक उरला नाही?"

भावजय गोंधळली. ताईंचा फोटो मी स्वतः दिला, मधोमध लावा म्हणून बजावलं होतं, असं काहीबाही सांगू लागली. ताई आणखीच भडकली. मधोमध होता तो भाऊ, गुबगुबीत, टकलू, चार महिन्यांचा. एवढ्या माणसांत ही धडधडीत खोटं बोलते, म्हणजे काय म्हणावं?

तेवढ्यात भाऊच आला. खेळात रंगला होता तो. चिठ्ठी पहिल्यांदा त्याचीच भरून झाली होती. ताईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जाऊ दे ना, खेळ तर आहे, कशाला मनाला लावून घेतेस. त्याचा हात लागताच ताई जरा निवली. हा बिचारा भोळा. सगळा कावा हिचा.

भावजय खुर्चीचे हात धरून उठली. भिंतीपाशी जाऊन तिने मधल्या गोलाच्या अगदी काठावर बोट टेकवलं. बाळाच्या मुठीत कुणाचं तरी आत वळलेलं बोट होतं. पुढचा हात कात्रीने खाल्ला होता. तिने नवऱ्याला जवळ बोलावलं.

"हे बोट कुणाचं?"

भावाने वाकून पाहिलं. "असेल कुणीतरी कामवाली," तो हसत म्हणाला. "फोटोपुरतं मला धरायला."

त्या घरात कामवाली कधीच नव्हती.

सजावटवालीचा चेहरा उतरला. एका गोलात एकच चेहरा, हा तिचा नियम. फोटोत दोघं असले की ती बाळ ठेवायची, बाकीचं कापून टाकायची. विचारायचं राहून गेलं, असं पुटपुटत तिने टेबलाखालचं कात्रणांचं खोकं ओढलं. त्यातून चंद्रकोरीसारखा एक तुकडा निघाला. त्यावर ढगळ फ्रॉक, दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली, आणि मान वाकडी करून हसणारी बारा वर्षांची मुलगी.

"ताई, तुमचा तान्हेपणीचा फोटो घरात मिळालाच नाही," भावजय हळू आवाजात म्हणाली. "नंतरचे आहेत, पण सगळ्यांत हे तुमच्या कडेवर. म्हणून दोघांचा मिळून हाच दिला."

ताईने आपल्या करंगळीकडे पाहिलं. राग गेला नव्हता. इतका वेळ तो चुकीच्या दारावर थापा मारत होता, एवढंच.

तिने पिशवीतलं दुपटं काढून भावजयीच्या हातात दिलं. मग भावाच्या हातातली चिठ्ठी घेऊन वरपासून खालपर्यंत वाचली. सत्तावीसच्या सत्तावीस नावं बरोबर होती, कुत्र्यासकट.

"खाली एक ओळ वाढव, बोट कुणाचं म्हणून," चिठ्ठी परत देत ती म्हणाली. "आणि तिच्यापुढे फुली मार."

झाली कथा, उठा आता. घरी गेलात की आपला लहानपणीचा फोटो काढा. चेहरा बघत बसू नका, तो तुमचाच आहे. काठावर कुणाचं बोट दिसतंय का बघा. आणि दिसलं, तर त्या माणसाची आठवण ठेवा.