थेंबातली चंद्रकोर

दुकानदारानं काउंटरवरच्या कुंडीतल्या पानावर फवाऱ्यानं पाणी मारलं आणि मालिनीच्याच कॅमेऱ्यावर पहिला फ्लॅश चढवला. लेन्सभोवती बसणारा, बांगडीसारखा गोल. लख्खकन उजेड पडला. पडद्यावर पान मोठं होऊन आलं, आणि पानावरच्या थेंबाथेंबात एक इवलीशी पांढरी बांगडी.

मालिनीनं निरखून पाहिलं. छान आहे म्हणाली, पण सावलीच नाही कुठे, सगळं पापडासारखं सपाट दिसतंय.

चारुतानं ते डचमध्ये सांगितलं, पापड तेवढा वगळून. म्हातारा दुकानदार हसला. ज्या दिव्यानं फोटो काढावा तो दिवा थेंबात दिसतोच, म्हणाला, तेव्हा कुठला घ्यायचा ते थेंबालाच विचारावं. तेही चारुतानं मराठीत करून दिलं. हेगच्या या दुकानात तीच आग्रहानं घेऊन आली होती. मालूताईंची पन्नाशी, म्हणून फ्लॅश माझ्याकडून, आणि तो डबा आजच्या आज कचऱ्यात, अशी तिची अट. झूटरमेरला ट्रॅममध्ये बसल्यापासून तीनदा म्हणून झालं होतं.

डबा मालिनीच्या पिशवीत होता. क्वार्कचा, म्हणजे इथल्या चक्क्याचा, पाडव्याला श्रीखंड केलं, त्याचा. तो कापून ती कॅमेऱ्याच्या छोट्या फ्लॅशवर टोपीसारखा घालायची, म्हणजे उजेड साईसारखा मऊ व्हायचा. शेगडीपाशी राहून तो एका कडेनं वितळला होता, तिथं तिनं काळी चिकटपट्टी लावली होती. मग उरलेल्या पांढऱ्यातून उजेड यायचा तो चंद्रकोरीसारखा. आमच्या दवाला कुंकू लागतं हो, असं ती म्हणायची, आणि चारुता हसायची. फोटो काढून झाले की कार्ड चारुताकडे जायचं. लॅपटॉपवरचं सगळं चारुताच बघायची.

दुसरा फ्लॅश दोन शिंगांचा निघाला. थेंबाथेंबात दोन-दोन ठिपके.

"हाच घ्या, मालूताई," चारुता म्हणाली. "प्रोफेशनल लोक हाच वापरतात."

दुकानदाराला मात्र काहीतरी आठवलं. त्यानं मागच्या भिंतीवरचं नव्या वर्षाचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, पानं उलटली, आणि मे महिना दोघींसमोर ठेवला. चित्रावर बोट ठेवून तो बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. आठवडाभर मी याच्याकडे बघतोय, असं काहीसं. बांगडी नाही, ठिपके नाहीत, मग हा दिवा कुठला?

यावेळी चारुतानं मराठीत काही सांगितलं नाही.

बोरूच्या पात्यावर एक चतुर बसला होता. अंगभर दव. डोळ्यांवर, पायांवर, पंखांच्या जाळीवर दवाचे दाणेच दाणे, आणि दाण्यादाण्यात एक चंद्रकोर. डावीकडचा खालचा पंख टोकाला फाटलेला.

तो फाटका पंख मालिनीनं तासभर पाहिला होता. कालव्याच्या काठी, पहाटेच्या गारठ्यात, गुडघे चिखलात रुतवून. त्याला ऊन लागेपर्यंत तो उडणार नव्हता, आणि तो उडेपर्यंत ती हलणार नव्हती. दोन दिवसांनी चारुता म्हणाली होती, सगळे फोटो हललेत हो मालूताई, उडवून टाकले मी. मालिनीनं स्वतःच्याच हातांना बोल लावला होता. वय झालं म्हणाली होती.

चित्राखाली बारीक अक्षरांत काहीतरी छापलं होतं. इथल्या पाट्या मालिनी अजून अडखळत, अक्षर अक्षर लावून वाचायची. हे मात्र तिला एका दमात वाचता आलं. चारुता बेहेरे.

चारुता फ्लॅशची खोकी एकावर एक रचत होती.

मालिनीनं पिशवीत हात घातला.

"राहू द्या ना, मालूताई," चारुता हलकेच म्हणाली. "काय तो डबा दाखवताय. हसतील ते."

मालिनीनं डबा काउंटरवर ठेवला. दुकानदार हसला नाही. त्यानं तो हातात फिरवून पाहिला, पट्टीवरून अंगठा फिरवला, मग दोन शिंगांचा फ्लॅश उतरवून कॅमेऱ्याच्या छोट्या फ्लॅशवर डब्याची टोपी घातली. पानावर पुन्हा पाणी मारलं. उजेड पडला, आधीच्या दोन्हींपेक्षा मऊ.

तो पडद्याकडे बघत राहिला. मग कॅलेंडरकडे. मग पुन्हा पडद्याकडे. त्याचा सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळत गेला. काउंटरला वळसा घालून तो बाहेर आला, चारुताला ओलांडून थेट मालिनीसमोर उभा राहिला, आणि त्यानं हात पुढे केला.

"मेव्राऊ खारुता बेहेरे?"

मेव्राऊ म्हणजे बाई, आणि 'सीएच'चा उच्चार इथं 'ख' होतो, मंगळवारी लायब्ररीतल्या भाषेच्या वर्गात मालिनी एवढं नक्कीच शिकली होती. तिनं हात पुढे केला नाही. ती चारुताकडे वळली.

"काय म्हणतायत ते?"

चारुता खोक्यांच्या कडा जुळवत राहिली. दुकानदाराचा हात तसाच हवेत राहिला. पानावरचा एक थेंब ओघळून काउंटरच्या काचेवर पडला.

"मघापासून सगळं सांगत होतीस," मालिनी म्हणाली. "एवढंही सांग ना, चारू."