पुढचा गडी

शांत घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. हातातल्या मोबाईलवर ह्यांच्या सायकल टीमच्या ग्रुपचा मेसेज होता, 'पोखर्णीच्या अलीकडं आपला पुढचा गडी पडला. दवाखान्यात न्यायलेत.' नाव नव्हतं. शर्यतीत टीमचे पाचही जण आळीपाळीनं पुढं होऊन वारा अंगावर घेतात, बाकीचे त्याच्या आडोशानं सायकल चालवतात. मी तीनदा फोन लावला, हे उचलेनात. सकाळी हे निघताना मी बजावलं होतं, "तुमी आपलं मागंच राहा."

"सगळेच मागं राहिले तर वारा कोण घ्यायचा, राजेश्रीची आई?" म्हणून हसले होते.

तेवढ्यात राजेश्री उड्या मारत आली.

"आई, आत्ता आपले बाबाच सगळ्यात पुढं हायत ना?"