दोरवाल्याची गाठ

"गाठ राहिलीय कुठेतरी," क्रेस्टे सुईण म्हणाली. "उगाच नाही बाळ अडत. नीट बघ!"

विबियसने पुन्हा घर पालथं घातलं. बाळंतीण अडली की घरात एकही गाठ ठेवायची नाही, हे ओस्तिया बंदरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. बायकोची वेणी, स्वतःचा कमरपट्टा, पेट्यांची कुलपं, सगळं त्याने सकाळीच सोडलं होतं. आता तो अंगणातले जहाजांचे दोर सोडत सुटला. विबियसची गाठ वादळालाही सुटत नाही, असं बंदरावर म्हणत. त्याची बोटं सोलवटली.

आत त्याची बायको हेल्विया ओरडायची थांबली होती. ते ओरडण्याहून वाईट होतं.

"सगळ्या सोडल्या, मावशी! एकही उरली नाही!"

"मग पोरीचा जीव का घुसमटतोय?"

तो बायकोपाशी बसला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. तिच्या गळ्यात दोरीत ओवलेलं सोन्याचं नाणं होतं, त्यावर बाळंतिणींची देवी लुसीना, कडेवर तान्हं बाळ घेतलेली. विबियसने गाढव विकून ते आणलं होतं. क्रेस्टेने तेव्हाच नाक मुरडलं होतं. "आपल्यासारख्यांना नाणं मिळतं ते मेल्यावर, तोंडात, पलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी. तेही तांब्याचं."

"देवी, सोडव गं हिला," म्हणत त्याने नाण्याला हात लावला. बोटं दोरीवरून मानेमागे गेली आणि तिथेच थिजली.

ओल्या केसांखाली गाठ होती. जहाजाची, पक्की. नाणं गळ्यात बांधताना हात सवयीने चालले होते. त्याने देवीलाच बांधून ठेवलं होतं.

"मेल्या, काय केलंस हे!" क्रेस्टे किंचाळली.

"सुरी दे!"

"कापायची नाही! बांधली त्यानेच सोडायची."

घामाने दोरी फुगली होती. नखं लागेनात. त्याने वाकून गाठ दातांत धरली. "सुटतेय गं... थोडी कळ काढ... सुटतेय..."

गाठ सुटली. मनगटावरची मूठही सुटली.

क्रेस्टेने हेल्वियाच्या नाकाशी हात धरला. मग पोटावर ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी तिने अंथरुणावर पडलेलं नाणं उचललं, पुसलं, विबियसच्या तळहातावर ठेवलं.

तो देवीच्या कडेवरच्या बाळाकडे बघत राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "एवढ्यात दोघांचं भाडं होईल ना?"