क्वाम्मुरच्या रस्त्यावरची रहदारी

आस्मुंडुरने चर्चपाशी गाडी वळवली आणि पुन्हा एकदा वळणावरच्या तारेवरून नेली. तार डांबरात पुरलेली होती, चाकाखाली काही जाणवत नसे. तरी तिथे तो दर वेळी सावकाश जाई. घाईत तिने आपल्याला मोजलंच नाही, असं व्हायला नको.

घरच्या अंगणात वळायचं, पुन्हा चर्चपर्यंत यायचं. चर्चला कुलूप होतं. खाडीच्या या अंगाला प्रार्थनेला यायला माणूसच उरला नव्हता. शेवटची शेजारीण योरुन मेंढ्या विकून मुलीकडे राजधानीला गेली, त्याच वर्षी रस्ते खात्याने गावात सभा घेतली. ज्या रस्त्यावरून पुरेशा गाड्या जात नाहीत तिथला बर्फ यापुढे काढला जाणार नाही, असं सांगितलं आणि मोजणीसाठी ही तार पुरली.

तेव्हापासून खाडीच्या या अंगाच्या, क्वाम्मुरच्या रस्त्यावरची रहदारी म्हणजे एकटा आस्मुंडुर.

रस्ता बंद झाला तर हिवाळाभर कोंडून पडायचं, किंवा गावातल्या वृद्धाश्रमात खाट धरायची. पण मनातल्या मनात त्याचा हिशेब याहून साधा होता. रस्ता गेला की तोर्वी गेला.

तोर्वी बर्फ काढायला यायचा. पन्नाशीचा, जाड मानेचा, बोलायला लागला की थांबायचा नाही. पूर्वी तो खात्याच्या मोठ्या नारिंगी ट्रकने सकाळीच येऊन जायचा. उभ्यानेच कॉफी घ्यायचा, कधी तीही नाही. गेले काही हिवाळे तो दुपार कलल्यावर स्वतःच्या ट्रॅक्टरला बर्फ ढकलायचा फाळ लावून येई. मोठी गाडी घाटात गुंतलेली असते, म्हणे. आस्मुंडुरला ते बरंच होतं. ट्रॅक्टरवाल्या तोर्वीला वेळ असायचा. बूट काढून तो स्वयंपाकघरात बसे, सुका मासा लोणी लावून चघळे आणि गावातल्या सगळ्यांची उणीदुणी सांगे. तो गेला की पुढचा बर्फ पडेपर्यंत आस्मुंडुर रेडिओशीच बोलायचा.

मागच्या हिवाळ्यात एकदा त्याने न राहवून विचारलं होतं, "रस्ता यादीत आहे ना रे अजून?"

तोर्वी माशाला लोणी लावत राहिला. "मी आलोय ना? मग झालं तर."

फेऱ्यांबद्दल आस्मुंडुरने त्याला कधी सांगितलं नाही. त्याने हसून गावभर केलं असतं.

अडचण वेगळीच उभी राहिली. मेंढ्या विकून आस्मुंडुरने विजेची गाडी घेतली, तेव्हा तिला रस्ता फुकट होता. बाकीचे लोक पेट्रोलमधूनच रस्त्याचा कर भरत. मग कायदा आला. विजेच्या गाड्यांनीही रस्त्याचे पैसे द्यायचे, किलोमीटरच्या हिशेबाने. वर्षातून एकदा गाडीतला आकडा कळवायचा. तोर्वीला त्याचा फार आनंद झाला होता. "इतकी वर्षं फुकट हिंडलास म्हाताऱ्या, आता काढ पैसे," म्हणाला. आणि वर असंही म्हणाला, की तू हिंडून हिंडून हिंडणार कुठे, तुला काय येणार आहे?

आलं ते आस्मुंडुरने पेन्शनमधून भरलं. पहिल्या वर्षी दुधाचे पदार्थ कमी केले. दुसऱ्या वर्षी एकाच खोलीत हीटर लावला. या वर्षीचा आकडा कळवला आणि त्याला कळून चुकलं, की आता कमी करण्यासारखं घरात काही राहिलेलं नाही.

दोन दिवस बर्फ पडत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडलं. आस्मुंडुर कॉफीचं आधण ठेवत होता, तेवढ्यात फोन वाजला. रस्त्याचं शुल्क घेणाऱ्या कार्यालयातून साल्वोर नावाची मुलगी बोलत होती. तुमचा आकडा तपासून घ्यायचा होता, म्हणाली. एखादा अंक जास्त पडलाय का? एवढी तर टॅक्सीवाल्यांची गाडी चालते.

"बरोबर आहे तो," आस्मुंडुर म्हणाला.

मग तुम्ही कामाला कुठे लांब जाता का, तिने विचारलं. खिडकीतून खाडीचं काळं पाणी दिसत होतं, आणि पलीकडच्या काठाने एक ठिपका सरकत होता. तोर्वीचा ट्रॅक्टर. अजून दोन वळणं होती.

या मुलीने आपल्याला पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने सांगून टाकलं. वळण, तार, चर्चपर्यंतच्या फेऱ्या, सगळं.

ती हसली नाही.

"पैसे बुडवायचे नाहीत मला," तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षी एवढे जमायचे नाहीत. तू फक्त एवढंच विचारून दे पोरी, कमीत कमी किती फेऱ्या मारल्या तर रस्ता यादीत राहतो? तेवढ्या मी मारीन. एकही जास्त नाही."

तिने थांबायला सांगितलं. रस्ते खात्यात विचारते, म्हणाली. फोनमध्ये कसलीशी धून वाजू लागली. आस्मुंडुरने कपाटातून दुसरा कप काढला आणि टेबलावर मांडला. ट्रॅक्टर चर्च ओलांडून या अंगाला आला होता. फाळापुढे बर्फ दोन्हीकडे उडत होता.

"घाई कर गं," तो वाजणाऱ्या फोनलाच म्हणाला. "माणूस येतोय माझ्याकडे."

धून थांबली. साल्वोरचा आवाज खाली आला होता.

"आजोबा, ती तार चार वर्षांपूर्वीच बंद केलीय. ते म्हणतात, तेव्हापासून त्या रस्त्यावर बर्फ काढायला ते कुणालाच पाठवत नाहीत."