नानांचं पुणे दर्शन

"नव्या सूनबाईला पुणं मीच दाखवणार," नानांनी काठी आपटत बजावलं. डोळे गेल्यापासून तीन वर्षं त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. मुलगा हसला. पण दारात चपला वाजल्या. नागपूरची सूनबाई तयार होती.

मेट्रो जमिनीखाली शिरताच तिचा दंड धरून बसलेल्या नानांनी विचारलं, "बाहेर काय दिसतंय?"

"नुसता अंधार, नाना."

"म्हणजे आता आपण सारखेच!"

गाडीनं कसबा पेठ पुकारल्यावर ते उतरले. सरकत्या जिन्यानं वर येताच सूनबाई गोंधळली. मोबाइलवरचा नकाशा गोल फिरत होता. नानांनी मान तिरकी केली. लांबून हातोड्यांचे ठोके ऐकू आले.

"तांबट आळी! तांब्याचे हंडे घडवतात. चल."

आता तिनं त्यांचा दंड धरला. बोळामागून बोळ ओलांडत नानांनी तिला नेमकं तापल्या भट्टीसमोर उभं केलं.

"दमलीस? पुढचं स्टेशन मंडई. ती नाकानं दाखवतो."