शेपटीला गाठ मारलेला मासा

कापलेलं कलिंगड. तांदळाच्या दाण्याएवढा मासा, शेपटीला गाठ मारलेला. पाचवी आवृत्ती, जी कागदावर निघणार नाही. एक मेहुणा, ज्याचं नाव या घरात कुणी काढत नाही. आणि मोबाइलमधून आलेला गोड आवाज : ‘बनावट.’

संपादिका खळखळून हसली. तिने गंमत म्हणून कॅमेरा कलिंगडाच्या सुरीवर धरला होता. जुन्या लष्करी तलवारी आणि संगिनी ॲपने सकाळपासून पटापट ओळखल्या होत्या. घरातलं काही ओळखतं का बघू, एवढंच.

हायकोर्ट हसला नाही.

संग्राहक त्याला हायकोर्ट म्हणत. लोहारांच्या शिक्क्यांवरच्या त्याच्या ग्रंथाने नकली ठरवलेल्या पात्याला वर अपील नव्हतं. ग्रंथही तसाच भारदस्त. उशाला घेतला तर मान धरते, असं बायको म्हणायची. चार आवृत्त्या झाल्या, चौथीचे गठ्ठे अजून जिन्याखाली होते. पाचवी म्हणजे हे ॲप. आता पानं कोण उलटणार? पात्याचा फोटो काढायचा, निकाल ऐकायचा. करारावर सही झाली की हायकोर्ट कपाटातून थेट लोकांच्या खिशात जाणार होता. सकाळी त्याने स्वतःच हा विनोद केला होता.

संपादिकेने मोबाइल त्याच्याकडे वळवला. “सर, तुमचा मासा. काकूंची सुरी तुमच्याच सापळ्यात अडकली.”

“कसला सापळा?” बायकोने विचारलं. तिच्या हातात सालींची ताटली होती.

काकूंना माहीत असेल असं संपादिकेने धरलं होतं. तिने कौतुकाने सगळं सांगून टाकलं. दुसरी आवृत्ती कुणीतरी जशीच्या तशी उचलून छापली होती. म्हणून तिसरीत सरांनी एक खोटा शिक्का पेरला, शेपटीला गाठ मारलेला मासा. कुठल्याच लोहाराने कधी न मारलेला. पुढे त्याचा वेगळाच उपयोग झाला, कारण नकली तलवारी करणारेही सरांचाच ग्रंथ वाचत. पात्यावर हा मासा दिसला की ओळखायचं, हे पातं ग्रंथ बघून केलेलं.

हे हायकोर्टाने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलेला सापळा कसला सापळा? ॲपला कळायला हवं म्हणून फक्त संपादिकेच्या कानावर घातलं होतं. ग्रंथातला प्रत्येक शिक्का बायकोने शाई-पेनाने काढलेला. पण तिलाही तो एवढंच म्हणाला होता की पानावर एक कोपरा रिकामा राहतोय, काहीतरी काढून टाक.

सापळ्यात पहिला सापडला तो तिचा भाऊ.

त्याचं जुन्या हत्यारांचं दुकान होतं. संग्राहकांच्या सभेत तो आजोबांची तलवार घेऊन आला. मुठीजवळ मासा. हायकोर्टाने पातं एकदा उलटं केलं, एकदा सुलटं केलं आणि निकाल दिला, नकली. कारण दिलं नाही. भाऊ सांगत राहिला की ही आमच्या घरातली आहे, अशा दोन होत्या, एक मोडली. कुणीतरी म्हणालं, नकली तलवारी नेहमी आजोबांच्याच असतात. सभा हसली. पुढे दुकान बंद पडलं. बहीण नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. रक्त माझं असलं तरी पोलाद यांना कळतं, असं तिने भावाला तोंडावर सुनावलं. त्यानंतर दोघं बोलली नाहीत.

बायकोने ताटली खाली ठेवली. सुरी उचलली, फडक्याने पुसली आणि मुठीलगत अंगठा फिरवला.

“अहो, मला मनातून काही काढता येत नाही,” ती म्हणाली. “मी बघून काढते. तुम्ही म्हणालात काहीतरी काढ, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसले होते. माहेरून आणलेली ही सुरी समोर होती.”

त्याने भिंग घेतलं. संसारभर या सुरीने चिरलेलं त्याने खाल्लं होतं. सुरी हातात घ्यायची वेळ कधी आली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची पाती बघितली तसं त्याने आता हे पातं बघितलं. शिक्का खोल होता. तळाशी जुना गंज काळा होऊन बसला होता. मोडक्या पात्याची कुणीतरी सुरी केली होती, आणि घासताना माशाचा वरचा पंख पुसला गेला होता. खालचा तेवढा उरला होता.

ग्रंथातल्या माशालाही एकच पंख होता.

मेहुण्याच्या तलवारीवरच्या माशाला दोन होते. हायकोर्टाने ते त्याच दिवशी बघितलं होतं. मनात म्हटलंही होतं की याला धड नक्कलसुद्धा करता येत नाही. ग्रंथावरून नक्कल करणारा दुसरा पंख कुठून आणणार, हे त्याला सुचलं नव्हतं.

त्याने भिंग टेबलावर ठेवलं.

मग संपादिकेने हलक्या आवाजात सुचवलं की नोंद काढून टाकता येईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. तिने करार आणि पेन पुढे सरकवलं.

“काढायची नाही,” हायकोर्ट म्हणाला. “खरा शिक्का, असं लिहायचं. आणि खाली लिहायचं, मला ओळखता आला नाही.”

असा ग्रंथ विकत कोण घेणार, असं संपादिका पुटपुटली. तो बायकोकडे बघत होता. बायको सुरीकडे बघत होती.

सभेच्या दिवशी सकाळी भावाने फोन करून ही सुरी एका दिवसापुरती मागितली होती, आणि ती म्हणाली होती, आज पाहुणे जेवायला आहेत, उद्या ने.